डोळ्याला डबा लावून डाळ भरायला शिकता येतं का?

औसारोड
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम, म्हणजे जन्मापासूनच शिकायला वेळ लागतो. धाकट्या बहिणीमुळं घरात सगळेच त्याला दादा म्हणतात. अठरा पूर्ण झाल्यावर शाळा संपली, तेव्हापासून इथं लातुरातच एका कार्यशाळेत जातो. पणत्या रंगवणं, लिफाफे, फिनेलच्या बाटल्या भरणं, सगळं करून झालंय. मागच्या दिवाळीनंतर तिथं एका कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकार्याच्या निधीतून) दोन व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणारे, हेडसेट आले. डोळ्यांवर डबा बांधायचा, दोन हातांत दोन कंट्रोलर. आत दुकान दिसतं. डाळीची पिशवी उचला, काट्यावर ठेवा, सील करा, खोक्यात टाका.

दादाला ते इतकं आवडलं की रविवारीसुद्धा चप्पल घालून दारात उभा. दोन महिन्यांत आतलं पॅकिंग पटापट करायला लागला. शेवटी टक्के दिसतात, ते नव्वदच्या पुढं गेले. निदेशक सर खूश, मी पेढे वाटले. ओळखीच्या एका दाळमिलवाल्यांनी आठ दिवस बघू म्हणून बोलावलं.

पहिल्या दिवशी मी लांब उभी होते. काट्यापुढं खरी एक किलोची पिशवी ठेवलेली. दादा तिच्याकडं हात लांब करून उभा राहिला आणि पहिलं बोट वाकवायला लागला. एकदा, दोनदा, पाच वेळा. हेडसेटमध्ये बोटानं खटका दाबला की पिशवी आपोआप हाताला चिकटते. ही काही चिकटेना. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आई, पिशवी बिघडली."

तिसऱ्या दिवशी त्यांनी घरी पाठवलं. त्यांचीही चूक नाही, हंगाम चालू होता.

आता कार्यशाळेनं पालकांकडं संमतीपत्र दिलंय. हाताच्या कामाचे तास निम्मे करून हेडसेटचे वाढवणार आहेत. सही करू का नको? कुणाच्या घरी असा अनुभव आहे का?

मांजराकाठ
ताई, सही करू नका. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मार्च आला की पैसे खर्ची टाकायचे, फोटो काढायचा, वर्तमानपत्रात द्यायचा, इतकंच असतंय ते. आमच्या गावच्या शाळेत कॉम्प्युटर आले त्याला बारा वर्षं झाली, एकावरचं प्लास्टिक अजून निघालं नाही. डाळ भरायला शिकायचं तर डाळ भरून शिकावं. आम्हाला पोहायला कुणी पिक्चर दाखवून शिकवलं नव्हतं. आज्यानं पोटाला भोपळा बांधला आणि दिलं विहिरीत ढकलून.

हुरडा
मांजराकाठ आण्णा, विहिरीत पाणी होतं का? २०१६ ला लातूरला पाणी रेल्वेनं आलं होतं म्हणून विचारायलो. (हलकं घ्या.)

मांजराकाठ
पाणीही होतं आणि भोपळाही होता.

वाळूज_सेकंडशिफ्ट
मेंटेनन्समध्ये आहे, म्हणून थोडं दुसऱ्या बाजूनं. आमच्याकडं सुरक्षेच्या ट्रेनिंगला हेडसेट वापरतात. पॅनेलला आग लागली तर काय करायचं, मशीन उघडण्याआधी लाईन बंद करून कुलूप कसं लावायचं. हे खऱ्या पॅनेलवर शिकवता येत नाही, एक चूक आणि माणूस गेला. आत चुकलं तर बझर वाजतो, पुन्हा पहिल्यापासून. वेल्डिंगचेही सिम्युलेटर असतात, रॉड वाया जात नाही. अमेरिकेत वॉलमार्टनं २०१७ पासून दुकानातल्या लोकांना असंच शिकवायला सुरुवात केली. सणाच्या सेलला लोटणारी गर्दी आधी हेडसेटमध्ये दाखवायचे. पुढच्या वर्षी १७ हजार हेडसेट घेतले.

पण मुद्दा असा की ती गर्दी वर्षातून एकदा येते, आग तर येऊच नये. डाळीची पिशवी लातुरात रोज आहे आणि स्वस्तात आहे. मग ती आभासी कशाला करायची? हा प्रश्न तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कुणी विचारला नसणार.

लोडशेडिंग
चार्जिंगला लाईट कुठून आणायची ते पण सांगा. जाता जाता, अशा वेडसर मुलांच्या डोक्यावर असले प्रयोग करणं मला पटत नाही. मानसिक रुग्णांना औषधोपचार द्यावेत, गेम नाही.

चौदा_पायऱ्या
लोडशेडिंग, आधी शब्द नीट करू, मग भांडू. मानसिक आजार वेगळा, बौद्धिक दिव्यांगत्व वेगळं. आजाराला उपचार असतात आणि तो कोणत्याही वयात होऊ शकतो. बौद्धिक दिव्यांगत्व लहानपणापासून असतं. त्यात शिकण्याचा वेग आणि रोजचे व्यवहार जमणं हा प्रश्न असतो, ते गोळीनं जात नाही, शिकवण्यानं बदलतं. १९९५ च्या कायद्याची भाषा जुनी होती, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ती बदलली. "वेडसर" दोन्हीला लागू नाही.

आता औसारोड ताई. मी नांदेडला विशेष शिक्षिका आहे, अठराच्या पुढच्या मुलांबरोबर काम करते. दादानं जे केलं त्यात त्याची चूक शून्य आहे. त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं. प्रोग्रॅममध्ये पिशवी उचलण्याची पायरी "बोट वाकवा" अशी होती. तो बोट वाकवायलाच शिकला आणि छान शिकला.

आमच्याकडं कुठलंही काम आधी पायऱ्यांमध्ये फोडतात. माझ्या नावातल्या चौदा पायऱ्या चहा करण्याच्या आहेत. पिशवी उचलणं हीच एक नाही, चार पायऱ्या आहेत: तोंडाशी धरणं, दुसरा हात बुडाखाली, वजन अंगावर घेणं, मग वळणं. वजन हाताला कळावं लागतं. कंट्रोलर पिशवीपेक्षा किती हलका असतो बघा. बऱ्याचदा आम्ही शेवटच्या पायरीपासून उलटं शिकवतो. सगळं मी करते, खोक्यात टाकायचं तेवढं त्यानं. म्हणजे पहिल्याच दिवशी काम "पूर्ण" त्याच्या हातून होतं. मग शेवटच्या दोन त्याच्या, मग तीन.

आणि आमच्या मुलांची खरी अडचण ही की एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. कार्यशाळेच्या निळ्या टेबलावर जमणारं काम मिलच्या पत्र्याच्या टेबलावर जमेलच असं नाही. हेडसेट म्हणजे आणखी एक तिसरी जागा.

तरी मी सरसकट नको म्हणणार नाही. मुलाखतीच्या सरावाचा एक प्रोग्रॅम अमेरिकेत तयार झाला, त्यावरचे अभ्यास २०१४ पासून आलेत. त्यात मॉली पोर्टर नावाची आभासी एचआर बाई प्रश्न विचारते. ऑटिझम असलेल्या तरुणांनी तिच्याशी पुन्हा पुन्हा सराव केला, त्यांची मुलाखत सुधारली, पुढच्या सहा महिन्यांत नोकरीचे प्रस्ताव मिळण्याची शक्यताही वाढलेली दिसली. गट लहान होता हे खरं. गंमत म्हणजे त्याला डबा लागतच नाही, साध्या कॉम्प्युटरवर चालतो. कामाचा भाग होता "पुन्हा पुन्हा" आणि "न रागावता". मॉली बाई पन्नासाव्या वेळीही कंटाळत नाही. मी कंटाळते, खोटं कशाला बोलू.

मांजराकाठ काका, तुम्ही नकळत माझंच म्हणणं मांडलंत. आज्यानं भोपळा बांधला होता ना? मग तो सोडला कधी?

मांजराकाठ
पंधरा दिवसांनी. आधी मोठा काढून लहान बांधला. आजा काठावर बसून असायचा.

चौदा_पायऱ्या
हेच! मदत अशीच कमी करत न्यायची असते. आधी हात धरून, मग नुसता स्पर्श, मग बोटानं दाखवून, मग एक शब्द, मग काहीच नाही. तुमच्या आज्याला बी.एड. विशेष शिक्षण द्यायला पाहिजे होतं. ताई, तुमच्याकडं दादाला हेडसेटमधून थेट मिलमध्ये नेलं. काठावर कुणी नव्हतं.

हुरडा
धाग्यात आज्याची एन्ट्री झाली, आता शंभरी गाठणार. भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसलोय.

गोळी_वेळेवर
बालरोगतज्ज्ञ, जालना. तासांचं भांडण चालू द्या, पण सहीआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, मान. डाऊन सिंड्रोममध्ये काही जणांचे मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. हेडसेट साधारण अर्ध्या किलोचा, तोही पुढच्या बाजूला लटकलेला, आणि मुलं आत झटक्यानं वर-खाली बघतात. मान दुखणं, चाल बदलणं, हातापायातली ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही असेल तर आधी तपासणी, डबा नंतर.

दुसरी, फिट्स. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांमध्ये अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. कधीही फिट आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लुकलुकत्या पडद्याच्या इतक्या जवळ नको.

तिसरी, डोळे. तिरळेपणा आणि मोठा नंबर या मुलांमध्ये नेहमीचा. चष्मा काढून हेडसेट घातला तर त्याला आत काय दिसतं ते आपल्याला कळत नाही, आणि तो सांगेलच असं नाही. मळमळ होते तेही बरीच मुलं सांगत नाहीत, नुसतं "नको" म्हणतात. त्या "नको"ला हट्ट समजू नये.

औसारोड
डॉक्टर, मनापासून आभार. दादाला चष्मा आहे. तिथं काढून ठेवायला लावतात. मला आजपर्यंत हे सुचलंच नाही.

खवाभट्टी
भूमकडची भट्टी आहे आमची. खवा झाला का नाही हे वासावरून आणि घोटणी जड लागण्यावरून कळतं. डब्यात वास येतो का? नाही ना. मग जाऊ द्या.

पुण्यात_राहते
मी बहिणीच्या जागेवरून लिहिते. माझा भाऊ लातूरला असतो, ३१ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. एका दुकानात झाडलोट आणि खोकी लावणं हे काम त्याला नीट जमत होतं. काम सुटलं ते एसटीमुळं. आमचं घर औशाकडं. एका संध्याकाळी तो औशाऐवजी बार्शीच्या गाडीत बसला. मुरूडला कंडक्टरच्या लक्षात आलं, त्या भल्या माणसानं चौकीत बसवून फोन केला. रात्री साडेदहाला बाबा त्याला घेऊन आले. दुसऱ्या दिवसापासून आईनं काम बंद केलं. चार वर्षं झाली, तो घरीच आहे. शर्टाची बटणं लावून रोज नऊला तयार होतो.

मला व्हीआर म्हटलं की तीच संध्याकाळ आठवते. बसस्थानकावरची गर्दी, तीन लाल गाड्या एकसारख्या, फलाट बदलल्याची घोषणा स्पीकरमधून घरघरत येते. हा सराव खऱ्या स्थानकावर पन्नास वेळा करायला कुणाकडं वेळ आहे? आणि चुकला की मुरूड. डाळीच्या पिशवीपेक्षा ह्याला डबा लावा की.

वाळूज_सेकंडशिफ्ट
ताई, एक नंबर बोललात. आणि हे दिसतं तितकं अवघड नाही. ३६० अंशांत शूटिंग करणारे छोटे कॅमेरे मिळतात, चारी बाजूचं एकाच वेळी टिपतात. बसस्थानकावर स्टँड लावून दहा मिनिटं रेकॉर्ड करायचं. तेच हेडसेटमध्ये लावलं की मान वळवेल तिकडं खरं स्थानक दिसतं. कार्टूनचं दुकान नाही, आपलंच. हेडसेट नसेल तर पुठ्ठ्याच्या डब्यात मोबाईल बसवूनही चालतं, गुगलनं तसला डबा २०१४ ला काढला होता. ह्यात वस्तू उचलता येत नाही, नुसतं बघता येतं. पण बस ओळखायला बघणंच तर पाहिजे.

आणखी एक. औसारोड ताई, त्या प्रोग्रॅममध्ये आवाज कुठल्या भाषेत आहे?

औसारोड
हिंदीत. "कृपया थैली उठाइए." दादा घरी मला म्हणतो, "कृपया चपाती उठाइए."

हुरडा
दादा माणूस जिंकला!

बारदाना
दाळमिलवाला बोलतोय. (ताईंनी सांगितलेली मिल माझी नाही, आधीच सांगतो.) इथं सगळे शिकवण्यावर बोलायलेत, मालकाच्या बाजूनं कुणीच बोललं नाही.

आमच्याकडं सहा वर्षांपासून एक मुलगा आहे, आता तिशीला आला. वडील हमाल होते, त्यांनी शब्द टाकला म्हणून ठेवला. पहिले दोन महिने मी रोज ठरवायचो, उद्या सांगू की नको म्हणून. त्याला दहाच्या पुढं मोजता येत नाही. खोक्यात पंचवीस पिशव्या जातात. कधी बावीस, कधी सत्तावीस. व्यापाऱ्याचे फोन, मुकादमाचं ओरडणं, आणि मुकादम ओरडला की हा कोपऱ्यात जाऊन बारदान्याच्या ढिगावर बसणार. उठायचाच नाही.

उपाय आमच्या सुताराकडून आला. त्यानं पंचवीस खणांची लाकडी पाटी करून दिली. खण भरले की पाटी खोक्यावर पालथी. मोजायचं कामच संपलं. काट्यावरचा आकडा वाचता येत नव्हता, तर काट्याच्या पडद्याखाली १.००० लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. वरचं आणि खालचं सारखं दिसलं की पिशवी पुढं. आज चिठ्ठी फाटली तर तोच नवीन मागून घेतो. चारशे रुपयांत काम झालं बघा.

दुसरी अडचण चेष्टा. मिलमध्ये मोटारीचा आवाज, चाळणीचा आवाज, धूळ, त्यात पोरं टवाळ. एकानं त्याच्या डब्यात तुरीची टरफलं टाकली होती. एका वयस्कर हमालानं त्याला आपल्या शेजारी जेवायला बसवायला सुरुवात केली, तेव्हापासून बंद. त्यामुळं मला विचाराल तर तो डबा आधी माझ्या मुकादमाला लावा. समोरचा पोरगा का बसून राहिलाय, त्याला आवाज कसा ऐकू येतो, हे त्याला दाखवा.

पगाराचं सांगतो, कारण कुणीतरी विचारणारच. बाकी पॅकिंगवाल्यांना जे तेच. सुरुवातीला मी मानधन म्हणून थोडं द्यायचो, माझ्या मुलीनं झापलं. मग बँकेत खातं काढायला गेलो तर साहेब म्हणाले, पालकत्वाचा कागद आणा. वय चोवीस, पालकत्व कसलं? पाच चकरा झाल्या.

चौदा_पायऱ्या
बारदाना दादा, त्या सुताराला आणि तुम्हाला दंडवत. पाटी आणि चिठ्ठीचे फोटो टाका, आमच्या निदेशकांना दाखवते.

कागदाबद्दल: अठरानंतर आईवडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमून देते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व यांच्यासाठी. पण प्रत्येकाला तो लागतोच असं नाही, ज्याला सही आणि व्यवहार समजतो त्याचं साधं खातं निघायला हवं. अनेक पालक आणखी एका भीतीनं अडतात: पोराचा पगार कागदावर आला तर निराधारचं अनुदान बंद होईल का. मग रोखीत, मानधनात, नाव न लावता काम चालू राहतं.

मांजराकाठ
आरक्षणाचं काय? सगळ्याला आहे, यांना नाही का?

चौदा_पायऱ्या
आहे काका. २०१६ च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व या सगळ्यांत मिळून. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. खासगी कंपन्यांनी कामगारांत ५ टक्के दिव्यांग ठेवावेत म्हणून सरकारनं सवलती द्याव्यात, असंही कलम आहे. पण परीक्षा लेखी असेल तर आमची मुलं दारातच अडतात. माझी बहुतेक मुलं लागली ती ओळखीनं, बारदाना दादांसारख्यांकडं.

लोडशेडिंग
वरचा माझा शब्द मागं घेतो. माहीत नव्हतं. (लाईटचा मुद्दा मात्र कायम आहे, आत्ताच गेली होती.)

पुण्यात_राहते
वाळूज दादा, तो कॅमेरा भाड्यानं मिळतो का? पुढच्या महिन्यात गावी येतेय.

वाळूज_सेकंडशिफ्ट
लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना विचारा. नाही मिळाला तर माझा घेऊन जा, संभाजीनगरहून लातूरला येणारा कुणीतरी असतोच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शूट करताना कॅमेरा भावाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, तुमच्या नाही. आणि आवाज घरातल्या माणसाचा द्या, "पाटी वाच, औसा लिहिलंय का बघ" असा.

औसारोड
तीन आठवड्यांनी परत आले, माफ करा. मध्ये बरंच काही झालं.

सही केली, पण संमतीपत्राखाली हातानं चार ओळी लिहून. हाताच्या कामाचे तास कमी करायचे नाहीत. हेडसेट चष्म्यावरून बसत असेल तरच, आणि एका वेळी पंधरा मिनिटं. मानेची तपासणी करून आणली, डॉक्टर, सगळं ठीक आहे. निदेशक सर आधी चिडले, मग म्हणाले की आणखी सहा पालकांनी माझ्याच चार ओळी उतरवून दिल्यात.

आमच्या भाच्यानं मित्राचा कॅमेरा आणून घरापासून बसस्थानकापर्यंत आणि तिथून एका मिलच्या दारापर्यंत शूटिंग केलं. आवाज माझा. दादानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा स्थानकावरच्या रसवंतीकडं मान वळवून बसला, पंधरा मिनिटं तेच. दुसऱ्या दिवशी पाटी वाचली. चुकीच्या गाडीकडं बोट दाखवलं की भाचा व्हिडिओ थांबवतो आणि दोघं हसतात. काल खऱ्या स्थानकावर गेलो. मी दहा पावलं मागं. त्यानं औशाची गाडी बरोबर ओळखली, पण चढताना रांगेत मागं राहिला आणि गाडी गेली. धक्काबुक्की व्हिडिओत नव्हती ना.

डाळ घरीच भरतोय. स्वयंपाकघरात काटा, चिठ्ठी चिकटवलेली. पहिले चार दिवस बोट वाकवायचा. मी मागून त्याचे दोन्ही हात धरून पिशवी उचलायची, चौदा_पायऱ्या ताईंनी सांगितलं तसं. आता मनगटाला नुसता स्पर्श पुरतो.

बारदाना दादा, व्यनित तुम्ही बघायला बोलावलंय. दादा रोज विचारतो, तिकडची पिशवी दुरुस्त झाली का. सोमवारी आणू का?

बारदाना
सोमवारी नको ताई, मोटार खोलायचीय, सगळा पसारा पडलेला असेल. मंगळवारी अकराला आणा. चष्मा घालून, आणि जेवणाचा डबा पाठवा, दुपारी आमच्या त्या वयस्कर हमाल आण्णांच्या शेजारी बसवतो. पाटी धुऊन ठेवतो.

मांजराकाठ
पहिले पंधरा दिवस काठावर बसा ताई.

हुरडा
आणि "कृपया थैली उठाइए" मुकादमाला शिकवून ठेवा, दादा घाबरणार नाही.